चुकीच्या उत्तराचा पत्ता

४०२ वजा १७८.

चौथीच्या वर्गात हे गणित फळ्यावर लिहा आणि पाच मिनिटांनी वह्या चाळा. बऱ्याच वह्यांत २२४ सापडेल, म्हणजे बरोबर. काही वह्यांत ३७६ असेल, काहींत ३२४. या दोन्ही उत्तरांवर लाल पेनाची सारखीच फुली पडते आणि दोन्ही मुलांना सारखाच शून्य मिळतो. पण या दोन शून्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

३७६ लिहिणाऱ्या मुलाने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे. आठातून दोन गेले, सहा. सातातून शून्य गेला, सात. चारातून एक गेला, तीन. कोण वर आणि कोण खाली याची त्याला फिकीर नाही. त्याची वजाबाकी पक्की आहे, पण ४०२ ही एक अखंड संख्या आहे हे त्याच्या मनात अजून बसलेलं नाही. त्याला ती तीन सुटे अंक वाटते. ३२४ लिहिणारी मुलगी मात्र जवळजवळ पोचली आहे. दोनातून आठ जात नाहीत हे तिला कळलं. शेजारी शून्य आहे, तेव्हा पलीकडून हातचा घ्यावा लागेल हेही कळलं. तिने शून्याचे नऊ केले, दोनाचे बारा केले, फक्त चाराचे तीन करायला विसरली. तिला एक मिनिट पुरेल. पहिल्या मुलाला काड्यांचे गठ्ठे घेऊन आठवडाभर बसवावं लागेल.

मुलांच्या चुका अशा नियमबद्ध असतात हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थक्क झालो होतो. आपण म्हणतो, ‘धांदरटपणा केला’. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मूल एक चुकीचा नियम अगदी इमानाने पाळत असतं. १९७८ मध्ये जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या दोन अमेरिकन संशोधकांनी ‘बगी’ नावाचा संगणक-खेळ केला. त्यात संगणक विद्यार्थी व्हायचा. त्याच्या पोटात वजाबाकीचा एक बिघडलेला नियम लपवलेला असायचा. शिक्षक त्याला गणितं घालायचे, तो चुकीची उत्तरं द्यायचा आणि त्यावरून नियम कुठे बिघडलाय ते शिक्षकाने ओळखायचं. शाळेत संगणक पोचण्याच्या कितीतरी आधी कुणाला तरी सुचलं होतं, की या यंत्राचा खरा उपयोग चूक वाचायला आहे.

पिंपरी-चिंचवड ते चाकण या पट्ट्यात ही गोष्ट कळायला जड जाऊ नये. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग टेल्को, आकुर्डीला बजाज, भोसरीच्या गल्ल्यांतली हजारो वर्कशॉप्स आणि पुढे चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन, मर्सिडीज. इथल्या हजारो घरांत दिवसभर काहीतरी मोजून आलेलं माणूस असतं. त्याला गो-नोगो गेज माहीत आहे. भोकात गेजचं एक टोक गेलं पाहिजे आणि दुसरं जाता कामा नये. तसं झालं तर जॉब ओके, नाहीतर रिजेक्ट. काम झटपट होतं, पण गेज फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणतं. भोक किती मायक्रॉनने मोठं झालं, टूल झिजलंय की सेटिंग सरकलंय, हे कळायला आकडा दाखवणारं उपकरण लावावं लागतं. शाळेतली लाल फुली हे गो-नोगो गेज आहे. पिढ्यान्‌पिढ्या आपण त्यावरच भागवलं.

आता शाळांच्या परीक्षांत मोबाइल, चॅटबॉट, ॲप, स्कॅनर असं बरंच काही शिरलंय. माझा प्रश्न एवढाच आहे, की यातलं कोणतं साधन फक्त फुली जोरात मारतं आणि कोणतं आकडा दाखवतं?

सुरुवात सगळ्यांच्या ओळखीच्या गोष्टीपासून करू. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद शिष्यवृत्ती परीक्षा घेते. दोन पेपर, प्रत्येकात ७५ प्रश्न, १५० गुण, दीड तास. भाषा, गणित, इंग्रजी आणि मुलांना सगळ्यात आवडणारी ती बुद्धिमत्ता चाचणी. उत्तरं लिहायची नाहीत, गोल काळे करायचे. ही ओएमआर पत्रिका यंत्र वाचतं.

हे यंत्र जन्मलं कसं, ती कथा या मोटारींच्या गावात सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत मिशिगन राज्यात रेनल्ड जॉन्सन नावाचे विज्ञानशिक्षक होते. पोरवयात त्यांना एक खोडी सापडली होती: बहिणींना भेटायला येणाऱ्या मुलांच्या गाड्यांच्या स्पार्क प्लगवर पेन्सिलीने रेघ ओढायची. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे ठिणगी जिथे पडायची तिथे पडतच नाही आणि गाडी काही केल्या सुरू होत नाही. शिक्षक झाल्यावर त्यांना वाटलं, कागदावरच्या पेन्सिलीच्या खुणेतूनही वीज वाहणारच. मग बरोबर जागची खूण विजेनेच का मोजू नये? आयबीएमने त्यांना १९३४ मध्ये नोकरीवर घेतलं आणि १९३८ मध्ये उत्तरपत्रिका तपासणारं यंत्र बाजारात आलं. पुढे याच जॉन्सन यांच्या हाताखाली संगणकाची पहिली हार्ड डिस्क तयार झाली. बहिणीच्या मित्रांवर काढलेला राग किती लांबवर जातो पाहा.

आज वीज वाहत नाही, प्रकाश वाचला जातो. काळा गोल प्रकाश शोषतो, पांढरा परतवतो. म्हणून आता पेन्सिलीचा आग्रह नाही, बॉलपेन चालतं. आणि त्याहून नवलाची गोष्ट म्हणजे या कामाला आता खास यंत्रही लागत नाही. साध्या फोनचा कॅमेरा पुरतो. पत्रिकेच्या चार कोपऱ्यांत काळे चौकोन छापलेले असतात. शिक्षकाने फोन वाकडा धरला तर फोटोत कागद तिरपा येतो, लांबची बाजू आखूड दिसते. सॉफ्टवेअर आधी ते चार चौकोन शोधतं आणि त्यांच्या जागांवरून गणित मांडतं, की हा तिरपा चौकोन पुन्हा काटकोनात आणायचा तर प्रत्येक ठिपका कुठे न्यावा लागेल. कागद सरळ झाला, की प्रत्येक गोलात किती ठिपके गडद आहेत ते मोजायचं. सावली पडली असेल तर ‘गडद’ कशाला म्हणायचं हेही ते आजूबाजूच्या कागदावरून ठरवतं. उत्तर प्रदेशात लाखो मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांनी अशा ॲपने फोनवर वाचल्या आहेत.

पण ओएमआर आकडा दाखवते का? दाखवू शकते, पर्याय विचारपूर्वक बनवले असतील तर. वजाबाकीच्या प्रश्नाखाली २२४, ३७६, ३२४ आणि बेरीज केली तर येणारं ५८० असे चार पर्याय दिले, तर काळा झालेला प्रत्येक गोल मुलाच्या विचाराचा माग देतो. चार पर्याय कसेतरी भरले तर मात्र काही कळत नाही. शिवाय डोळे मिटून गोल भरणाऱ्यालाही चारातला एक सापडतोच. चार पर्यायांचे ७५ प्रश्न, म्हणजे निव्वळ नशिबाने १८-१९ बरोबर. पर्याय लिहिणं हे पेपर काढण्यातलं सगळ्यात अवघड काम आहे आणि त्याचं श्रेय कुणाला मिळत नाही.

फोनच्या कॅमेऱ्याची याहून गमतीदार करामत म्हणजे प्लिकर्स कार्ड. तंत्रस्नेही शिक्षकांना ते ठाऊक असतं, पालकांना क्वचितच. चाळीस मुलांच्या वर्गात एकच फोन आहे, तोही बाईंचा. प्रत्येक मुलाच्या हातात पुठ्ठ्याचं एक चौकोनी कार्ड. त्यावर काळी, वेडीवाकडी आकृती, प्रत्येकाची वेगळी. चार कडांवर बारीक अक्षरांत ए, बी, सी, डी. प्रश्न विचारला, की मुलाने आपलं उत्तर वरच्या बाजूला येईल असं कार्ड फिरवून धरायचं. बाई फोन हातात घेऊन वर्गावरून एक नजर फिरवतात, झालं! आकृतीवरून मूल कोण ते कळतं, आकृती किती फिरली यावरून उत्तर कळतं. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, कारण त्याची आकृती वेगळी आणि अक्षरं तर नजरेला पडतच नाहीत. हात वर करायला लाजणारी मुलगीही इथे उत्तर देते. मुलांकडे फोन नको, कार्डांना वीज नको. गरीब वर्गासाठी इतकी नेमकी युक्ती मी तरी दुसरी पाहिलेली नाही.

आता आपल्या राज्याचा स्वतःचा प्रयोग.

२०२० च्या नोव्हेंबरात शाळा बंद असताना राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘स्वाध्याय’ सुरू केला. व्हॉट्सॲपवर एका नंबरला निरोप धाडायचा, शाळेचा तपशील द्यायचा, की बॉट प्रश्न विचारू लागायचा. आठवड्याला थोडे बहुपर्यायी प्रश्न, शेवटी लगेच निकाल आणि जिथे चुकलं त्या भागाचा व्हिडिओ. यात वेगळं ॲप उतरवायचं नव्हतं. जे आधीच सगळ्यांच्या फोनात होतं तिथेच परीक्षा नेऊन ठेवली, ही त्यातली खरी हुशारी. अडचण उघड होती. घरात एकच फोन, तो वडिलांबरोबर शिफ्टला गेलेला. मुलाची परीक्षा ते घरी परतल्यावर. आणि उत्तर मुलाने दिलं की थोरल्या भावाने, हे बॉटला कळायला मार्ग नव्हता. तरी त्या बंद काळात घरबसल्या मुलांशी आठवड्याला बोलणारं काहीतरी होतं, हे कमी नाही.

शाळा उघडल्या आणि २०२३-२४ पासून नियतकालिक मूल्यांकन चाचण्या आल्या. शिक्षकांच्या बोलण्यात फक्त ‘पॅट’. वर्षारंभी पायाभूत चाचणी, मग दोन संकलित. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. राज्यभर एकच छापील पेपर, मुलं हाताने लिहितात, शिक्षक हाताने तपासतात आणि मग संध्याकाळी फोन घेऊन बसतात. राज्यभरातल्या शाळांची माहिती जमवणाऱ्या विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर वर्गातल्या एकेका मुलाचे गुण भरायचे. १ डिसेंबर २०२३ पासून हजेरीसाठीही असाच बॉट सुरू झाला. आकुर्डीची महापालिका शाळा असो की चाकणजवळच्या वाडीतली दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळा, सगळ्यांची माहिती एकाच जागी जाते. राज्यातल्या कोणत्या तालुक्यात अपूर्णांक कच्चे आहेत हे काही दिवसांत नकाशावर पाहता येणं, ही वीस वर्षांपूर्वी कुणी कल्पनाही केली नसती अशी गोष्ट आहे. तेव्हा शाळेचे तक्ते केंद्रप्रमुखांकडे, तिथून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाईपर्यंत वर्ष संपायचं.

पण बॉटवर गुण जातात. शून्य गेला, तो ३७६ चा होता की ३२४ चा, ते उत्तरपत्रिकेतच राहिलं. मुलाने कागदावर आपल्या विचारांचा अख्खा पत्ता लिहून दिला होता आणि आपण त्यावर फुली मारून फक्त शून्य पुण्याला पाठवला. जो शिक्षक पेपर तपासतो त्याला चूक दिसते, त्याला बॉटची गरज नाही. ज्याला बॉटची गरज आहे त्या वरच्या कार्यालयाला चूक दिसत नाही. या व्यवस्थेतलं हे भोक मला सगळ्यात मोठं वाटतं, आणि शिक्षकांचा वैताग समजून घ्यायचा तर इथूनच घ्यावा. रात्री नेटवर्क मिळेना म्हणून गच्चीवर जाऊन भरलेल्या माहितीतून त्यांना स्वतःला काहीच परत मिळत नसेल, तर त्यांनी ती उत्साहाने का भरावी? घाईने यंत्र आणलं की काय होतं याचा धडा मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये दिलाच आहे. उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं, निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि कुलगुरूंना पद गमवावं लागलं.

आता मला सर्वांत अद्भुत वाटणाऱ्या भागाकडे येतो. सहावीतलं एक मूल गणितात खरं तर तिसरीच्या पातळीवर आहे. त्याला सहावीचा पेपर दिला. शंभरात आठ गुण मिळाले. यातून काय कळलं? सहावीचं येत नाही. मग काय येतं? काहीच कळलं नाही, कारण त्याला जे येतं त्याबद्दल पेपरने विचारलंच नव्हतं. दुसऱ्या टोकाला, ज्या मुलीला शंभरात शंभर पडले तिची झेप कुठवर आहे तेही कळलं नाही. पेपरने दोघांचाही वेळ वाया घालवला.

१९६० मध्ये गेओर्ग राश या डॅनिश गणितज्ञाने यावर एक पुस्तक लिहिलं. त्याची कल्पना अशी: मुलाची कुवत आणि प्रश्नाची काठिण्यपातळी दोन्ही एकाच मापावर मांडा. मूल आणि प्रश्न एकाच उंचीवर असतील तर मुलाने बरोबर उत्तर देण्याची शक्यता ५० टक्के. मूल एका एककाने वर असेल तर ७३ टक्के, दोन एककांनी वर असेल तर ८८. फक्त दोघांतलं अंतर महत्त्वाचं. आता यातून एक गंमत निघते. ज्या प्रश्नाचं उत्तर मूल नक्की देणार किंवा नक्की चुकणार, तो विचारून नवं काही कळत नाही. सगळ्यात जास्त माहिती कुठल्या प्रश्नातून मिळते? जिथे निम्मी-निम्मी शक्यता आहे, तिथे. म्हणून या कल्पनेवर बेतलेल्या चाचणीत संगणक मधल्या पातळीचा प्रश्न विचारून सुरुवात करतो. बरोबर आलं, वरचा प्रश्न. चुकलं, खालचा. प्रत्येक उत्तरागणिक मुलाच्या पातळीबद्दलचा अंदाज सुधारत, जिथे अजून शंका आहे नेमका तिथेच पुढचा प्रश्न टाकत, मोजक्या प्रश्नांत तो मुलाच्या खऱ्या जागेपाशी येतो.

यात शेजारी बसलेल्या दोन मुलांनी एकही समान प्रश्न सोडवलेला नसतो आणि तरी दोघांची तुलना करता येते. आपल्या मनाला हे पटतच नाही. ‘सगळ्यांना एकच पेपर म्हणजे न्याय’ असं आपल्यात भिनलेलं आहे. पण प्रत्येक प्रश्नाची काठिण्यपातळी आधीच हजारो मुलांवर पारखून ठरलेली असेल, तर वेगळ्या प्रश्नांवरूनही एकाच मापावरची उंची काढता येते. अर्थात ती पारख हाच खर्चाचा भाग आहे. मराठीतली अशी पारखलेली मोठी प्रश्नपेढी उभी करणं हे दहा ॲप काढण्यापेक्षा मोलाचं काम आहे, आणि दिसायला अजिबात झगमगीत नाही.

याचा परिणाम भारतात मोजून झालेला आहे. अहमदाबादच्या एज्युकेशनल इनिशिएटिव्हज या संस्थेचं ‘माइंडस्पार्क’ हे सॉफ्टवेअर मुलाच्या चुकांवरून पातळी ओळखून त्याच पातळीचा अभ्यास देतं. कार्तिक मुरलीधरन, अभिजित सिंग आणि अलेहांद्रो गानिमियान यांनी दिल्लीत त्याची रीतसर पारख केली, निष्कर्ष २०१९ मध्ये छापून आले. सॉफ्टवेअरने सुरुवातीलाच जे दाखवलं ते धक्कादायक होतं: सहावीतलं सरासरी मूल गणितात सुमारे अडीच इयत्ता मागे, नववीतलं सुमारे साडेचार इयत्ता मागे. मुलं वरच्या वर्गात जात होती, दरी वाढत होती, आणि शाळेचे पेपर हे कुणाला सांगत नव्हते. साडेचार महिन्यांच्या अभ्यासानंतर या केंद्रांत आलेली मुलं इतरांच्या स्पष्टपणे पुढे गेली. सगळ्यात मागे असलेली मुलंही पुढे सरकली. तशीच मुलं केंद्राबाहेर राहिली, ती जागच्या जागी होती. मात्र एक गोष्ट विसरू नये: त्या केंद्रांत निम्मा वेळ संगणकासमोर जायचा आणि निम्मा वेळ लहान गटात एका माणसाबरोबर. जाहिरातीत हा दुसरा अर्धा भाग सहसा गाळला जातो.

हे झालं गणिताचं. वाचन कसं मोजायचं? ते तर कागदावर उतरतच नाही. एकेका मुलाला जवळ बसवून ऐकावं लागतं. २०२२ च्या मार्चमध्ये एनसीईआरटीने तिसरीच्या सुमारे ८६,००० मुलांची अशी पाहणी केली. २० भाषांत, प्रत्येक मुलासमोर एक माणूस. निपुण भारत या केंद्र सरकारच्या अभियानाचं उद्दिष्ट दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्द असं आहे. वेगाचा हा हट्ट विचित्र वाटतो, पण त्याला कारण आहे. एकेक अक्षर लावत वाचणारं मूल वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरतं. अर्थ लागायला वाक्य एका दमात डोक्यात मावावं लागतं.

आता फोन हे ऐकू लागलाय. गुजरातमध्ये मुंबईच्या वाधवानी एआय या संस्थेचं ‘वाचन समीक्षा’ हे साधन शाळांत वापरलं गेलं. गूगलचं ‘रीड अलाँग’ मराठीतही ऐकतं. फोन आवाजाचे सेकंदाच्या शंभराव्या भागाइतक्या अंतराने बारीक तुकडे करतो, प्रत्येक तुकड्यात कोणत्या कंपनांचा जोर आहे ते पाहतो आणि ही कंपनं कोणत्या ध्वनीची असावीत याचा अंदाज बांधतो. उतारा आधीच माहीत असल्याने काम थोडं सोपं होतं. मूल काय म्हणालं हे शून्यातून ओळखायचं नसतं, छापलेल्या शब्दाशी ते कुठे जुळलं आणि कुठे सुटलं तेवढं पाहायचं असतं.

तरी दोन अडचणी उरतात. लहान मुलाचा घसा आणि तोंडाची पोकळी आखूड, म्हणून त्याच्या आवाजातली कंपनं मोठ्यांपेक्षा उंच असतात. मोठ्यांच्या आवाजांवर शिकलेलं यंत्र मुलांशी अडखळतं. दुसरी अडचण आपल्या पट्ट्याची खास आहे. भोसरी, चिखली, मोशी, चाकण इथल्या एका वर्गात लातूर-बीडचं मूल असतं, जळगाव-बुलढाण्याचं असतं, आणि बिहार-उत्तर प्रदेशातून आलेलं, घरी भोजपुरी बोलणारंही असतं. पुस्तकात ‘शाळा’ छापलंय आणि मूल ‘साळा’ म्हणालं. ते चुकीचं वाचन आहे का? मुळीच नाही. मुलाने अक्षर ओळखलं, शब्द ओळखला, अर्थही ओळखला आणि आपल्या घरच्या जिभेने उच्चारला. बाई हे क्षणात समजतात. यंत्राला मात्र अशा हजारो आवाजांवर शिकवलं नसेल, तर ते मुलाची बोली त्याच्या नावावर चूक म्हणून टाकेल. प्रमाणभाषेच्या अहंकाराने आधीच पुष्कळ मुलं गप्प बसवली आहेत. त्यात आता फोनची भर नको. ५ मार्च २०२५ च्या शासन निर्णयाने दुसरी ते पाचवीसाठी निपुण महाराष्ट्र कृती कार्यक्रम सुरू झाला. वाचन-लेखन-गणनाची पातळी अशी सतत तपासायची, तर कोणत्या आवाजांवर शिकलेलं यंत्र आपण वर्गात आणतोय, हे आधीच विचारलेलं बरं.

या सगळ्या यंत्रांच्या गर्दीत चाकणच्याच खेड तालुक्यातली एक शाळा आठवते. जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा पटसंख्येअभावी बंद पडायच्या बेतात होती. दत्तात्रय वारे गुरुजी तिथे आले आणि २०२५ मध्ये त्या शाळेला ‘वर्ल्ड्स बेस्ट स्कूल’ स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार मिळाला. तिथली बोलबाला झालेली पद्धत म्हणजे विषयमित्र: मोठी मुलं लहानांना शिकवतात, वेगवेगळ्या वयाची आणि पातळीची मुलं एकमेकांकडून शिकतात. मूल्यमापनाच्या नजरेने पाहिलं तर ही भन्नाट गोष्ट आहे. पाचवीतल्या मुलीला तिसरीतल्या मुलाचा हातचा कुठे हरवला ते पटकन दिसतं, कारण दोन वर्षांपूर्वी तिचाही तिथेच हरवला होता. ती चूक बघते, विचारते, दुरुस्त करते आणि गुण देत नाही. राशच्या समीकरणाला जे हवं आहे, मुलाच्या पातळीशेजारचा प्रश्न, तो तिला कुणी न शिकवताच विचारता येतो.

पिंपरी-चिंचवड महापालिकेने आपल्या शाळांची गुणवत्ता तपासायला क्वालिटी कौन्सिल ऑफ इंडियाला बोलावलं होतं. कारखान्यांच्या गावाला साजेसंच आहे ते. पण शाळेचं मोजमाप आणि मुलाचं मोजमाप यांत एक कायदेशीर फरकही आहे. मुलाची चूक, त्याचा आवाज, त्याची वर्षानुवर्षांची पातळी ही त्याची खासगी माहिती आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचा मुद्दा स्पष्ट केला आहे. तिसरीत हातचा विसरलेल्या मुलीची ती नोंद बारावीपर्यंत कुणी सांभाळून ठेवायचं काहीच कारण नाही.

राज्याच्या बॉटमध्ये करण्यासारखी एक गोष्ट अगदी साधी आहे. गणिताच्या दोन-तीन निवडक प्रश्नांसाठी गुणांच्या जागी मुलाने लिहिलेलं उत्तर भरू द्या. टंकायला तेवढाच वेळ लागतो. मग केंद्रातला संगणक दुसऱ्या दिवशी शिक्षकाला सांगू शकेल, की तुमच्या वर्गातली ही सहा मुलं एकच चूक करत आहेत, त्यांना एकत्र बसवा.

तोवर पालकांनी एक करावं. पुढच्या चाचणीनंतर पालक सभा होईल, तेव्हा गुणपत्रकावर सही करून उठू नका. उत्तरपत्रिका पाहायला मागा, चुकलेलं एक गणित मुलासमोर ठेवा आणि ‘हे तू कसं केलंस?’ असं विचारून त्याला सांगू द्या. मध्ये बोलू नका.